परदेशातील आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवताना : करारपत्रात काय होते आणि हाती काय आले?

मी अबुधाबीतील एका आंतरराष्ट्रीय शाळेत २०१५ ते २०२३ अशी आठ वर्षे विज्ञान शिकवले आणि आता पुण्यास परतले आहे. परतल्यापासून अनेक शिक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: "अमुक इतके दिरहम देत आहेत, जावे का?" माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर पगाराच्या आकड्यात नसून करारपत्राच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर असते. परंतु माझा अनुभव एका शहराचा आणि एका शाळेचा आहे, म्हणून हा धागा काढत आहे. आपण कोणत्या शहरात, कोणत्या अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकवलेत, घरभाडे, विमानाचे तिकीट, वैद्यकीय विमा, मुलांची फी यांविषयी करारात काय लिहिले होते आणि प्रत्यक्षात काय मिळाले, ते सविस्तर लिहावे. तक्रार असल्यास शाळेचे नाव देऊ नये, एवढीच विनंती.

सुरुवात माझ्यापासून करते. माझी निवड भारतातून झाली, म्हणजे शाळेच्या भाषेत मी 'ओव्हरसीज हायर' होते. दोन वर्षांचा करार, दरवर्षी घरी येण्या-जाण्याचे तिकीट, कुटुंबाचा विमा आणि दोन मुलांचे शिक्षण एवढे त्यात होते आणि ते सर्व मिळाले. फसले ते दोन ठिकाणी. घरभाडे भत्ता दरमहा पगारासोबत येई. घरमालकास मात्र वर्षाचे भाडे दोन धनादेशांत आगाऊ हवे होते. पहिल्याच महिन्यात सहा महिन्यांचे भाडे आणि अनामत रक्कम कोठून आणायची, याचा विचार आम्ही पुण्यात बसून केलाच नव्हता. दुसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा पगार नोकरीअखेर मिळतो. माझे आठ वर्षांचे १९५ दिवस झाले. एकूण १२,००० दिरहमांचा हिशेब धरून मी मनात ७८,००० मांडून ठेवले होते. प्रत्यक्षात हिशेब मूळ पगारावर होतो, भत्त्यांवर नाही, आणि माझा मूळ पगार ६,००० होता. हाती ३९,००० आले. शाळेने एक फिल्ससुद्धा बुडवला नव्हता. मीच 'बेसिक' हा शब्द वाचून पुढे गेले होते.

दुबई, प्राथमिक शिक्षिका

माझा अनुभव आपल्या बरोबर उलट बाजूचा आहे. मी २०१२ साली लग्नानंतर दुबईस आले, यजमानांच्या व्हिसावर राहिले आणि भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेत 'लोकल हायर' म्हणून लागले. आपल्याकडील बहुसंख्य शिक्षिकांची वाट हीच असते आणि तिच्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. माझा पहिला पगार ३,२०० दिरहम होता. घरभाडे नाही, तिकीट नाही, कारण ते 'यजमानांच्या कंपनीकडून मिळतच असेल' असे गृहीत धरले जाते. माझ्याच वर्गाच्या शेजारी, तेच पुस्तक शिकवणाऱ्या आणि केरळातून थेट निवडून आणलेल्या सहकारी शिक्षिकेला राहण्यास जागा आणि वर्षाचे तिकीट होते. तिचे वाईट वाटावे असे काही नव्हते. ती दोन वर्षांच्या लेकराला आईकडे ठेवून आली होती आणि तीन जणींबरोबर एका खोलीत राहत होती.

मग मी तेरा वर्षे का टिकले? मुलांच्या फीमुळे. शाळेने दोन्ही मुलांना अर्धी फी माफ केली होती आणि ती रक्कम वर्षाकाठी माझ्या दोन-अडीच पगारांएवढी होई. बसचे पैसे, पुस्तके आणि गणवेश मात्र पूर्ण भरावे लागत. नव्याने लागणाऱ्या भगिनींनी 'सवलत' म्हणजे नेमकी कशावर, कितव्या मुलापर्यंत आणि नोकरी वर्षाच्या मध्येच सुटली तर ती परत भरावी लागते का, हे लेखी मागून घ्यावे. यजमानांच्या व्हिसावर असलो तरी ग्रॅच्युइटीचा हक्क आपला असतो, हेही मला सहाव्या वर्षी एका लेखनिकाकडून कळले.

बाळंतपणाविषयी एक गोष्ट सांगते. भारतात २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे. येथे ६० दिवस मिळतात, त्यांपैकी ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या पगारी. धाकट्याच्या वेळी तर ही ६० दिवसांची तरतूदही आलेली नव्हती. माझ्या सासूबाईंनी तीन महिन्यांच्या व्हिसावर येऊन घर सांभाळले, तेव्हा ती नोकरी टिकली.

घरी शिकवण्या घेऊन पगाराची तूट भरून काढता येईल असे अनेक जणींना वाटते. परवान्याविना शिकवणी घेणे येथे बेकायदेशीर आहे. डिसेंबर २०२३ पासून खासगी शिकवणीचा स्वतंत्र परवाना मिळू लागला आहे आणि शाळेत नोकरी करणाऱ्यांनाही त्यासाठी अर्ज करता येतो.

दोहा, जीवशास्त्र

पगाराविषयी माझी तक्रार नाही. माझे चार महिने गेले ते नावात. बी.एस्सी.च्या गुणपत्रिकेवर माझे नाव आपल्या विद्यापीठांच्या रीतीप्रमाणे आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे असे छापलेले. तेही अर्थातच माहेरचे. बी.एड. लग्नानंतर झाले, त्यावर सासरचे आडनाव. पारपत्रावर पतीचे नाव माझ्या नावाला जोडून आलेले. आपल्याला हे तिन्ही एकाच बाईचे नाव आहे हे क्षणात कळते, पण परदेशी कार्यालयातील माणसास त्या तीन वेगवेगळ्या बायका वाटल्या. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नावबदलाची नोंद अशी जोड द्यावी लागली आणि विवाह प्रमाणपत्राचेही पदवीसारखेच साक्षांकन करून घ्यावे लागले.

साक्षांकनाचा क्रम असा आहे: प्रथम विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्य शासनाचा शिक्का, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय, त्यानंतर दिल्लीतील कतारचा दूतावास आणि शेवटी दोह्यातील परराष्ट्र मंत्रालय. एक पायरी चुकली की मागे यावे लागते. शिवाय, शिक्षण नियमित वर्गांत बसून झाले की दूरशिक्षणाने, असे विद्यापीठाचे पत्र शाळा मागते. माझ्याबरोबर निवड झालेल्या एका शिक्षिकेची बी.एड. दूरशिक्षणाने झाली होती आणि त्यावरच तिची नेमणूक अडली. नोकरीचा शोध सुरू करण्यापूर्वी ही कागदपत्रे हाती घ्यावीत. निवडीनंतर शाळा सहसा सहा-आठ आठवडेच देते.

नैरोबी, गणित

मी लातूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक होतो, दरमहा ८,००० रुपये मानधन. (ते २०२३ साली १८,००० झाले, तोवर मी गेलेलो होतो.) २०२१ मध्ये नैरोबीतील भारतीय समाजाने चालवलेल्या एका शाळेत निवड झाली. शाळेच्या आवारातच घर, पाणी आणि वीज शाळेची, हवा वर्षभर महाबळेश्वरासारखी. पीतज्वराची लस मात्र निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि तिचे पिवळे कार्ड पारपत्राबरोबरच ठेवा, कारण केनियातून भारतात परतताना ते विमानतळावर तपासतात.

माझी चूक चलनाची झाली. करार केनियन शिलिंगमध्ये होता. मी गेलो तेव्हा डॉलरला सुमारे ११० शिलिंग पडत. जानेवारी २०२४ मध्ये १६० पडू लागले. मी घरी पैसे पाठवत असल्याने हिशेब रुपयांत करतो: एका शिलिंगमागे ६७ पैसे मिळत होते, ते ५२ वर आले. पगार एका शिलिंगनेही कमी झाला नव्हता, पण गावाकडच्या विहिरीचे काम थांबले. पुढे शिलिंग सावरला, तरी नवा करार करताना मी निम्मा पगार डॉलरमध्ये मागितला आणि मुख्याध्यापकांनी फारशी खळखळ न करता तो दिलाही. आधी विचारले असते तर तेव्हाही दिला असता, असे आता वाटते. आखातातील मंडळींना हा प्रश्न पडत नाही, कारण दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे.

ठाणे, अजून परदेशी गेलेली नाही

मी जाण्यापूर्वीच फसले, म्हणून लिहिते. एका दलालाने दुबईतील शाळेचे नियुक्तिपत्र दाखवून दोन लाख रुपये घेतले आणि 'आधी पर्यटक व्हिसावर चला, तेथे गेल्यावर बदलून देतो' असे सांगितले. तिकीट काढण्याच्या आदल्या दिवशी मी शाळेच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन केला, तेव्हा त्या नावाचे कोणतेही पद रिकामे नसल्याचे कळले. पोलिसांत तक्रार दिली आहे, पण पैसे मिळालेले नाहीत.

(धागाकर्ती) आपण हे लिहिलेत, त्याबद्दल आभार. येथे दोन नियम नोंदवते. भारतात नोंदणीकृत भरती संस्थेस उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून अधिक शुल्क घेता येत नाही आणि संस्था नोंदणीकृत आहे का, हे ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. अमिरातीच्या कायद्यानुसार भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास मालकाला मनाई आहे. पर्यटक व्हिसावर शिकवणे हा तेथे गुन्हा आहे.

बँकॉक, इंग्रजी

जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर' असे लिहिलेले असेल तर ती अट उच्चाराची नसून पारपत्राची असते. पंधरा वर्षे इंग्रजी शिकवल्यावरही माझ्यापेक्षा अनुभवाने दहा वर्षे लहान असलेल्या ब्रिटिश सहकाऱ्याचा पगार माझ्या दीडपट होता. गणित आणि विज्ञानाच्या भारतीय शिक्षकांना ही दरी कमी जाणवते, असे मी पाहिले आहे.

दुसरा अनुभव सर्वस्वी माझ्या चुकीचा आहे. वडील अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि मी रात्रीच्या विमानाने निघालो. थायलंडबाहेर पडण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घेतला नाही तर चालू व्हिसा रद्द होतो. एका फेरीसाठी १,००० बाट भरून तो विमानतळावरही मिळतो, पण त्या रात्री मला सुचले नाही. वडिलांचे दिवसकार्य आटोपल्यावर मुंबईच्या थाई वाणिज्य दूतावासात पुन्हा पहिल्यापासून अर्ज केला. तीन आठवड्यांचा पगार कापला गेला. तेव्हापासून वर्षाच्या सुरुवातीलाच ३,८०० बाट भरून अनेक फेऱ्यांचा परवाना घेऊन ठेवतो.

शारजा, वाणिज्य

करमुक्त पगाराविषयी थोडे लिहितो, कारण येथे शाळेचे वर्ष आणि आपले आर्थिक वर्ष जुळत नाही. नोकरीसाठी ऑगस्टमध्ये भारत सोडला तर त्या आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य, हिवाळी सुट्टी धरूनही, १८२ दिवसांपेक्षा कमी भरते आणि आपण अनिवासी ठरतो. जाताना सर्व सुरळीत होते. मी दोन वर्षांनी जूनअखेर परतलो, तेव्हा उरलेले नऊ महिने भारतात राहिल्यामुळे त्या संपूर्ण वर्षासाठी निवासी ठरलो आणि एप्रिल ते जूनचा शारजातील पगार तसेच ग्रॅच्युइटी विवरणपत्रात दाखवावी लागली. जास्त वर्षे बाहेर राहून परतणाऱ्यांची स्थिती वेगळी असते. परतीची तारीख ठरवण्यापूर्वी सनदी लेखापालाशी एक तास बोला, त्याची फी वसूल होते. बाकी शारजात २०२२ पासून शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी असते. तिचा मोह मला आजही होतो.

कुवेत, निवृत्त, सध्या सांगली

आपण सर्व तरुण आहात, त्यामुळे माझा अनुभव आपल्या उपयोगाचा नसेल, तरी लिहिते. मी १९८४ ते १९९० कुवेतमध्ये भूगोल शिकवला. तेव्हा शाळा घर देई, तिकीट देई आणि दिनार इतका भक्कम होता की आम्ही सांगलीत दोन वर्षांत प्लॉट घेतला. १९९० च्या उन्हाळी सुट्टीत मी मुलांना घेऊन माहेरी आले होते. २ ऑगस्टला रेडिओवर इराकने कुवेतवर आक्रमण केल्याची बातमी ऐकली. हे तिकडेच होते. त्यानंतर पाच आठवडे काहीही कळले नाही. ते बगदादमार्गे बसने जॉर्डनला पोहोचले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईस आले; त्या दोन महिन्यांत लाखाहून अधिक भारतीय याच वाटेने परतले. त्यांच्या खिशात कुवेती दिनार होते, पण ते घेण्यास कोणी तयार नव्हते. घर, गाडी, बँकेतील शिल्लक, माझी सहा वर्षांची नोकरीअखेरची रक्कम, सर्व तेथेच राहिले.

पुढे संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात नुकसानभरपाईचा आयोग नेमला आणि भारत सरकारमार्फत अर्ज मागवले. पगार किती होता याचा पुरावा हवा होता. शाळेचे कार्यालय लुटले गेले होते, हजेरीपत्रके नव्हती, मुख्याध्यापकांचा पत्ता नव्हता. माझ्याबरोबरच्या अनेक शिक्षिकांकडे एकही कागद नव्हता, कारण आपण सर्व महत्त्वाचे कागद राहत्या घरीच ठेवतो. माझे मूळ नियुक्तिपत्र मात्र प्लॉटच्या कर्जासाठी बँकेला दाखवायला म्हणून आदल्या वर्षी सांगलीस आणले होते आणि ते वडिलांनी लोखंडी पेटीत, जमिनीच्या सातबाऱ्याखाली ठेवले होते. भरपाई यायला काही वर्षे लागली, पण आली.