हरणासाठी पहिली रायफल : थर्टी-थर्टी घ्यावी का?

शेवगा (हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनिया)
मंडळी, शिकारीवर इथे धागा सापडला नाही म्हणून नवा काढतेय. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं, यंदा हंटर-ट्रॅपरचा कोर्स पास झाले. शेजारच्या आजोबांचा पॉटर काउंटीत डोंगरात कॅम्प आहे. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा रायफल सीझन उघडतो, तेव्हा ते मला नेणार आहेत. रान दाट, हेमलॉक आणि बीचचं. शंभर यार्डांपलीकडचं काही दिसतच नाही. आजोबा म्हणतात, थर्टी-थर्टी काडतुसाची लिव्हर ॲक्शन (घोड्याखालचा दांडा खालीवर करून पुढचं काडतूस चढवायची रायफल) घे, बाकी काही बघू नकोस. माझी उंची पाच फूट एक इंच. बजेट ७०० डॉलर, काडतुसं धरून. कंपनी कोणती, मार्लिन, विंचेस्टर की हेन्री? जुनी चालेल.

वऱ्हाडी_टेक्सास
थर्टी-थर्टी कशाला हो? सिक्स-फाइव्ह क्रीडमूर काडतुसाची घ्या, बोल्ट ॲक्शन (हाताने खिट्टी मागेपुढे करायची). मी १,८०० ची रायफल घेतली आणि जवळपास तेवढ्याचीच दुर्बीण. मागच्या सीझनला २८० यार्डांवरून एका गोळीत हरिण पाडलं. थर्टी-थर्टीचा नेम १०० यार्डांना लावला तर २०० वर गोळी आठेक इंच खाली जाते. एवढा हिशेब कोण करत बसणार?

रानवाट
@वऱ्हाडी, ताईंनी १०० यार्ड लिहिलंय, ७०० डॉलरही लिहिलंय.
शेवगाताई, आजोबांचं ऐका. हे काडतूस १८९५ मध्ये आलं, विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलसाठी. त्या रायफलची रचना जॉन ब्राउनिंग यांची. बिनधुराच्या दारूसाठी बनलेलं अमेरिकेतलं हे पहिलं लहान व्यासाचं शिकारी काडतूस. पहिलं ‘थर्टी’ म्हणजे ०.३० इंच व्यास, दुसरं म्हणजे सुरुवातीची ३० ग्रेन (वजनाचं छोटं माप) दारू. विंचेस्टर त्याला आपलं नाव लावून विकायचं. मार्लिनला स्पर्धकाचं नाव स्वतःच्या नळीवर कोरायचं नव्हतं, म्हणून त्यांनी नुसतं ‘थर्टी-थर्टी’ केलं आणि तेच लोकांच्या तोंडी बसलं.
सव्वाशे वर्षं टिकलं ते पूर्वेकडच्या जंगलामुळे. तिथे हरिण पन्नास-साठ पावलांवर झाडाआडून निघतं आणि चार सेकंदांत नाहीसं होतं. अशा वेळी हवी आखूड, चपटी, हलकी रायफल, जी एका हातात धरून ओढा ओलांडता येईल. १५० किंवा १७० ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला २,२०० ते २,४०० फूट. मांस फार नासत नाही, आणि खांद्याला धक्का थ्री-ओ-एट (.३०८) काडतुसापेक्षा बराच कमी. माझी १९७० च्या दशकातली मार्लिन ३३६ आहे. ५५० ला घेतली, बारा सीझन झाले.

ओहायोकर
घेण्याआधी नियम वाचा!!! मी हौसेने थर्टी-थर्टी आणली आणि मग कळलं की ओहायोत हरणासाठी फक्त सरळ भिंतीची काडतुसं चालतात. थर्टी-थर्टीचं कवच पुढे गळ्याशी निमुळतं होतं, म्हणजे बाद. दुकानदाराने एका शब्दाने सांगितलं नाही. शेवटी थ्री-फिफ्टी लेजंड या सरळ काडतुसाची रायफल घ्यावी लागली. दोनदा पैसे गेले.

रानवाट
त्या पेनसिल्व्हेनियात आहेत. तिथे चालते.

ओहायोकर
पण वाचायला काय हरकत आहे?

मृद्गंध (विस्कॉन्सिन)
ओहायोकरांचं अगदीच चूक नाही. पेनसिल्व्हेनियातही फिलाडेल्फियाभोवती बक्स, चेस्टर, माँटगोमेरी वगैरे काउंट्यांत हरणासाठी सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठिणगी पडणाऱ्या काडतुसाची, थर्टी-थर्टीसारखी) रायफल चालत नाही. पॉटरला अडचण नाही. तुमच्याकडे हरणासाठी सेमी-ऑटो (पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) रायफल बंद आहे, त्यामुळे पटकन दुसरा बार टाकायचा तर लिव्हरला तोड नाही. नारिंगी कपडा डोकं-छाती-पाठ मिळून २५० चौरस इंच हवा.
मी पाच फूट दोन. माझा सल्ला हेन्री, साइड गेटवाली (बाजूच्या झडपेतूनही काडतुसं भरता येणारी). नळीतल्या मॅगझिनची आतली दांडी ओढली की काडतुसं बाहेर पडतात. बाकीच्यांत लिव्हर मारत एकेक चेंबरमधून काढावं लागतं. दिवेलागणीला गार बोटांनी हे करताना नवख्या माणसाच्या हातून बार उडण्याची भीती मला खरी वाटते. मात्र हेन्री ७०० त नवी मिळणार नाही.

नानाकाका
मार्लिन ३३६. डोळे झाकून. रिकामं कवच बाजूने बाहेर पडतं, त्यामुळे वर दुर्बीण बसते. जुन्या विंचेस्टर ९४ मध्ये ते वरून उडतं, दुर्बीण लावायला जागाच नाही. १९८० च्या दशकात त्यांनी ते तिरकं केलं. आणि १९६४ नंतर खर्च वाचवायला आतले भाग बदलले, ती मजा गेली.

वऱ्हाडी_टेक्सास
काका, मार्लिन तरी कुठे तशी राहिली? रेमिंग्टनने घेतल्यावर आलेल्या काही रायफलींचं लाकूड आणि लोखंड एकमेकांना भेटत नव्हतं. आता रुगरकडे गेल्यापासून काम चांगलं आहे, पण किंमत हजाराच्या वर.

नानाकाका
म्हणून तर जुनी घ्या म्हणतोय.

शेवगा
सगळ्यांचे आभार. काडतुसं कोणती घेऊ? टोकदार गोळी लांब जाते असं ऐकलं.

रानवाट
हे नीट वाचा. नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक उभी असतात, एकाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) टेकतं. कडक टोकदार गोळी असेल तर धक्क्याने आतच स्फोट होऊ शकतो. म्हणून चपट्या किंवा बोथट नाकाचीच भरायची. हॉर्नडीची लिव्हरेव्होल्यूशन टोकदार दिसते, पण तिचं टोक मऊ असतं, ती चालते. शंभर यार्डांच्या आत साधी १७० ग्रेन पुरे. एकाच जातीच्या तीन पेट्या घ्या, साठ काडतुसं. चाळीस सरावात उडवा.

पुणेरी_पगडी
अवांतर : आमच्या आजोबांकडे इशापूरची .३१५ होती. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ती भिंतीवर गेली. इथे हौसेने जनावर मारण्याच्या चर्चा वाचून वाईट वाटतं.

मृद्गंध
तिथे हरणांची संख्या काबूत ठेवायला परवाने दिले जातात, ताई मांस खाणार आहेत. वेगळा धागा काढा, मी येईन. खाण्यावरून आठवलं : शिशाचे बारीक तुकडे जखमेभोवती लांब जातात, तेवढा भाग सढळ हाताने कापून टाका. आणि हरणांचा वेस्टिंग रोग (हरणं झिजून मरतात तो) असलेल्या भागातलं जनावर असेल तर गेम कमिशनकडे डोकं तपासणीला द्या. मगच सागुती.

नानाकाका
सागुतीला मालवणी मसाला, आणि मांस रात्रभर दह्यात.

विसा_विचारतो
एच-वन-बी वर बंदूक घेता येते का?

रानवाट
एरवी बंदी आहे. वैध शिकारी परवाना असेल तर सवलत आहे. तरी आधी वकिलाला विचारा.

शेवगा
घेतली! मार्लिन नाही, हेन्री नाही. आजोबांच्या वडिलांची विंचेस्टर ९४, १९५१ ची. आजोबा फुकट देत होते, मी ४५० हातात ठेवले. त्यांनीच दुकानात नेऊन ४४७३ चा (बंदूक घेताना भरायचा सरकारी) फॉर्म भरून घेतला. दुर्बीण बसत नाही, दस्त्याला एक जुनी चीर आहे, लोखंडावरची निळाई हाताच्या जागी पार उडालीय. पण खांद्याला लावली आणि डोळा सरळ साइटवर गेला. दुकानातल्या चार रायफलींपैकी एकीनेही असं केलं नव्हतं. काल रेंजवर ५० यार्डांवरून दहा बार टाकले. पहिला गेला कुठे कळलं नाही, उरलेले नऊ कागदी ताटलीत.

नानाकाका
दुर्बिणीशिवाय पस्तावाल.

मृद्गंध
अभिनंदन! त्या जुन्या ९४ ला वेगळी सेफ्टी नसते, फक्त घोड्याचा (मागचा ठोकणारा भाग) हाफ-कॉक, म्हणजे घोडा अर्ध्यावर अडकवायची खाच. हातमोजे घालून घोडा उतरवायचा सराव रिकाम्या रायफलीवर शंभरदा करा, नळी जमिनीकडे ठेवून.

शेवगा
आजोबांनी कालपासून तेच लावलंय. आज साठ झाले.