मदत हवी आहे: डेबियनवर एनव्हीएमई डिस्क मध्येच गायब होते आणि लॉगही मागे राहत नाही

नमस्कार मंडळी,

लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे, कर्नल (सिस्टमचा गाभा) त्यासोबत आलेला ६.१. डिस्क एकच, एम.२ स्लॉटमधली एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), तिच्यावर ईएक्सटी४ ही फाइलसिस्टम.

मशीन थोडा वेळ रिकामं राहिलं, म्हणजे फोन आला किंवा जेवायला उठलो, की घोटाळा होतो. परत येऊन बघावं तर माउस हलतो, उघड्या खिडक्या दिसतात, पण नवीन काहीच उघडत नाही. टर्मिनलमध्ये फायलींची यादी दाखवणारी साधी एलएस कमांड दिली तरी ‘इनपुट/आउटपुट एरर’. पॉवर बटण दाबून धरण्यावाचून इलाज नसतो. नुसतं रीस्टार्ट केलं तर बायोसलाही डिस्क दिसत नाही. पूर्ण बंद करून चालू केलं की सगळं आलबेल. काम चालू असताना मात्र हे कधीच होत नाही. दिवाळी अंकाची पानं स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये लावतो, जड जड टिफ फायली आत-बाहेर होत असतात, तेव्हा बिचारी डिस्क मुकाट राबते.

मागच्या बूटचा लॉग (सिस्टमच्या नोंदी) जर्नलसीटीएल कमांडने काढला, तर तो घटनेच्या आधीच तुटलेला. साहजिक आहे, ज्या डिस्कवर लॉग लिहायचा तीच गेली. कर्नल पॅनिक होत नाही (म्हणजे पूर्ण कोसळत नाही), त्यामुळे कोसळतानाची माहिती जपणाऱ्या केडम्प किंवा पीस्टोअरमध्येही काही सापडत नाही. शेवटी एका टर्मिनलमध्ये कर्नलचे संदेश दाखवणारा डीमेसेज ‘-डब्ल्यू’ लावून उघडा ठेवला. आधीपासून चालू असल्यामुळे तो डिस्क गेल्यावरही लिहीत राहिला. मोबाइलवर फोटो काढला, त्यातलं उतरवतो:

एनव्हीएमई०: कंट्रोलर इज डाउन; विल रीसेट: सीएसटीएस=०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ

त्याच्याखाली कर्नलच विचारतो की तुमच्या डिस्कचा पॉवर सेव्हिंग मोड सदोष आहे का, आणि दोन बूट पॅरामीटर (सुरू होताना कर्नलला द्यायच्या सूचना) सुचवून बग कळवायला सांगतो. मग रीसेट फसल्याची ओळ, एरर -१९. पुढे ईएक्सटी४ च्या तक्रारींची रांग आणि फाइलसिस्टम रीड-ओन्ली.

डिस्कची तब्येत सांगणाऱ्या स्मार्टसीटीएलमध्ये मीडिया एरर शून्य, डिस्कची झीज नगण्य. फक्त ‘अनसेफ शटडाउन’चा आकडा वाढतोय, तो का ते उघडच आहे.

दोष ड्रायव्हरचा, डिस्कचा की स्लॉटचा, हे कसं ओळखायचं? सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, “विंडोजवर चालतंय ना, मग हार्डवेअर चांगलं आहे.” मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. शिवाय कर्नलने सुचवलेले पॅरामीटर डोळे मिटून टाकावेत का? बॅटरीचं काय होईल?

प्रतिसाद:

आधी बॅकअप घ्या, बाकी नंतर. अंकाची पानं त्या एकाच डिस्कवर ठेवू नका.

प्रतिसाद:

तुमच्या फोटोतली महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते आठ ‘एफ’. सीएसटीएस हे कंट्रोलरचं, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या चिपचं, स्टेटस रजिस्टर. पीसीआय एक्सप्रेसवर (डिस्क ज्या बसने मशीनला जोडलेली असते तिच्यावर) समोरून कुणी उत्तरच दिलं नाही की वाचणाऱ्याला सगळे बिट १ मिळतात. म्हणजे डिस्कने ‘मी बिघडले’ असं सांगितलेलं नाही, ती बसवरूनच नाहीशी झाली आहे. -१९ चा अर्थही तोच, असं डिव्हाइस नाही. ड्रायव्हर कोसळलेला नाही, त्याचा जोडीदार बेपत्ता झालाय.

रिकामं असतानाच होतं, यावरून माझा पहिला संशय एपीएसटीवर. डिस्क काही काळ निष्क्रिय राहिली की तिने स्वतःहून खालच्या पॉवर स्टेटमध्ये जायचं, अशी ही सोय. लिनक्समध्ये ती २०१७ साली, कर्नल ४.११ पासून आली. काही डिस्क सगळ्यात गाढ झोपेत जातात आणि उठतच नाहीत. ‘विंडोजवर चालतंय’ याने काही सिद्ध होत नाही; तिथली वीजबचतीची गणितं वेगळी असतात, तीच डिस्क तिथे तितकी खोल उतरत नसेल.

कर्नलने दोन पॅरामीटर सुचवले असले तरी एकदम दोन्ही टाकू नका. एपीएसटी ही डिस्कची स्वतःची झोप, एएसपीएम ही पीसीआय एक्सप्रेस लिंकची. दोन्ही एकत्र बंद केलंत आणि बरं वाटलं, तर गुण कशाचा ते कळणार नाही. ग्रबच्या (सिस्टम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत ‘ई’ दाबून फक्त त्या बूटपुरतं एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=० घाला. चालू झाल्यावर /प्रॉक/सीएमडीलाइन ही फाइल वाचून ते खरंच लागलंय का बघा. मग मशीन मुद्दाम रिकामं सोडा.

प्रतिसाद:

लॉगसाठी कर्नलमधली नेटकन्सोल ही सोय वापरून बघा. कर्नलचे संदेश नेटवर्कवरून (यूडीपीने) दुसऱ्या मशीनला जातात, डिस्कचा संबंधच नाही. पण त्याला इथरनेटची तार लागते, वायफायवर बहुतेक ठिकाणी चालत नाही. आणि लॅपटॉप उघडता येत असेल तर एम.२ चा स्क्रू सोडवून डिस्क एकदा नीट बसवा.

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. बॅकअप घेतला. डिस्क काढून परत बसवली, फरक पडला नाही. मग त्या पॅरामीटरने लेटन्सी (झोपेतून उठायला चालणारा उशीर) शून्य केली. रात्रभर मशीन तसंच सोडलं, सकाळी डिस्क जागेवर! पॅरामीटर काढला की पुन्हा तेच. म्हणजे स्लॉटवरचा संशय बऱ्यापैकी मिटला.

पण बॅटरीवर चालवताना डिस्कची जागा आता हाताला गरम लागते. मधला मार्ग आहे का?

प्रतिसाद:

आहे. एनव्हीएमई-सीएलआय या पॅकेजमधल्या आयडी-सीटीआरएल कमांडचं आउटपुट बघा. शेवटी पॉवर स्टेटची (पीएस) यादी असते, आकडा मोठा तितकी झोप गाढ, प्रत्येकीपुढे आत जायला आणि बाहेर यायला लागणारा वेळ मायक्रोसेकंदांत. तुमच्याकडे काय दिसतं?

धागाकर्ता:

पीएस ३ ला आत जायला २१०, बाहेर यायला १५००. पीएस ४ ला २२०० आणि ६०००.

प्रतिसाद:

मग शून्याऐवजी ५५०० टाका. कर्नल ही मर्यादा बाहेर यायच्या वेळेशी ताडून बघतो. मूळ मर्यादा १,००,००० असल्यामुळे पीएस ४ सहज बसत होती. आता ती गळेल आणि पीएस ३ राहील. बरीचशी वीजबचत तिथेच होते. ठीक चाललं तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये कायमचं लिहा आणि अपडेट-ग्रब चालवा, ते विसरलं की काहीच बदलत नाही.

धागाकर्ता:

५५०० वर छान चाललंय आणि गरम होणंही कमी झालं. आता सर्व्हिस सेंटरकडे डिस्क बदलून मागावी का?

प्रतिसाद:

वॉरंटी असेल तर मागा, पण तेच मॉडेल मिळालं तर पुन्हा हेच. त्याआधी फर्मवेअर अपडेट करणाऱ्या एफडब्ल्यूअपडीवर डिस्कचं नवं फर्मवेअर (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) आहे का पाहा, कधी कधी दुखणं तिथेच मिटतं. नसेल तर बग कळवाच. कर्नलच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये अशा डिस्कची यादी आहे. पीसीआय आयडी (डिस्कच्या मॉडेलचा ओळख क्रमांक) त्यात गेला की ‘सगळ्यात खोल स्टेट वापरू नको’ ही खूण आपोआप लागते आणि पुढच्या माणसाला पॅरामीटर शोधत बसावं लागत नाही. रिपोर्टमध्ये हा आयडी दाखवणारी एलएसपीसीआय ‘-एनएन’ कमांडची ओळ, फर्मवेअरची आवृत्ती, तो फोटो आणि ‘शून्यावर चालतं, ५५०० वर चालतं, मुळात चालत नाही’ हे तिन्ही लिहा. डेबियनचा ६.१ वापरताय हेही सांगा, कारण पहिला प्रश्न ‘नव्या कर्नलवर बघितलं का’ हाच येणार. बॅकपोर्ट्समधला (डेबियनच्या नव्या पॅकेजेसच्या साठ्यातला) कर्नल घालून आधीच तपासून ठेवा.

प्रतिसाद:

तो आयडी इथेही टाका हो. माझ्या मुलीच्या लॅपटॉपची लक्षणं अगदी अशीच आहेत.