‘कंटॅमिनेट झालं’ हे तुम्ही मराठीत कसं सांगता? (अनुभव धागा)

गेल्या आठवड्यात एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात लावायच्या पाट्या भाषांतराला आल्या. ‘कंटॅमिनेशन’ला ‘दूषितीकरण’ लिहून मोकळी झाले. तिथल्या मावशींनी पाटी वाचली आणि विचारलं, “म्हणजे नासलं, विटलं, का खरकटं झालं?” मला धड उत्तर देता येईना. आपल्याकडे दूध नासतं, आमटी विटते, ताक कळकतं, पाव बुरसतो, खोबरं खवट होतं. इंग्रजीत यातल्या कशालाही ‘स्पॉइल’ चालून जातं. उलट पोल्यूट, कंटॅमिनेट, टेंट, फाऊल अशा सगळ्या फौजेपुढे सरकारी मराठीत एकटं ‘दूषित’ उभं. या शब्दांपायी कुणाची फजिती झाली असेल, भांडण झालं असेल, तर लिहा. व्याकरण नको, किस्से हवेत.

कूटग्रस्त आई

माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे आणि आम्ही राहतो पुण्यात, जिथे काकडीच्या कोशिंबिरीपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत सगळ्यात कूट. डॉक्टर म्हणाले, ‘क्रॉस-कंटॅमिनेशन’ सांभाळा. मला कळलं, घरी कळेना. सासूबाई म्हणायच्या, “अगं, त्याच्या वाटणीच्या कोशिंबिरीत घातलंच नाही कूट.” पण डाव तोच!

भावाचं लग्न एरंडवण्यातल्या कार्यालयात होतं. आदल्या दिवशी आचाऱ्यांना भेटायला गेले. आधी ‘कंटॅमिनेशन’ म्हटलं, मग ‘दूषित’ म्हटलं. ते दुखावलेच. “ताई, तीस वर्षं करतोय. आमच्याकडचं दूषित नसतं.” खरंच होतं त्यांचं, शेंगदाणा काय घाण आहे? मग सुचलं. म्हटलं, “दादा, जैन पंगत असली तर कांदा-लसणाच्या भाजीतला डाव त्यांच्या भाजीत घालता का?”

“छे! डाव वेगळा, पातेलं वेगळं, त्यांचं आधी काढून घ्यायचं.”

“मग माझ्या पोराला शेंगदाण्याचा जैन समजा.”

ते हसले आणि आतल्या पोऱ्याला हाक मारली, “दोन डाव घासून बाजूला ठेव रे, लाल दोरा बांध.” लग्नाच्या दिवशी मुद्दाम डोकावून आले. दांड्यांना खरंच लाल दोरा होता.

कॅशवाला (निवृत्त)

बँकेत ‘सॉइल्ड नोट’ म्हणजे वापरून मळलेली नोट. दोन तुकडे झालेली, पण दोन्ही तुकडे एकाच नोटेचे असतील, तर चिकटवल्यावर तीही सॉइल्डच. तुकडा गायब असेल तर ‘म्युटिलेटेड’, त्याचे नियम निराळे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. त्यानंतरच्या आठवड्यात एक आजी स्टीलच्या डब्यात नोटा घेऊन काउंटरवर आल्या. चिखलात भिजून नोटांच्या वड्या झालेल्या. मी आपला सवयीने म्हणालो, “सॉइल्डमध्ये बसतात का बघावं लागेल, आजी.”

“सॉइल म्हणजे मातीच ना? बघ की मग,” म्हणत त्यांनी नखं पुढे केली. आत चिखल वाळलेला.

घरी येऊन शब्दकोश काढला. मळवण्याचं ‘सॉइल’ आणि मातीचं ‘सॉइल’ दोन्ही फ्रेंचच्या वाटेने आले, पण मूळ वेगवेगळं. नुसते तोंडावळ्याने सारखे. नोटा मात्र आम्ही वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली वाळवल्या, एकेक सोडवली. दुपारभर शाखेत ओढ्याचा वास.

पाषाण रोडची पीएचडी

आमच्या लॅबमध्ये ‘कंटॅमिनेशन’ हा शब्द मोठ्याने काढत नाहीत, आजी रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणायची तसं. ‘तिच्या फ्लास्कला झालंय’ एवढं पुरतं. पेशी वाढवायच्या द्रवात फिनॉल रेड नावाचं, रंग बदलून इशारा देणारं द्रव्य घातलेलं असतं. सकाळी इन्क्युबेटर उघडावा आणि कालचा लालसर द्रव पिवळा पडून गढूळलेला दिसावा. समजायचं, जंतू शिरले, तीन आठवडे पाण्यात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे नको तिथे विरजण लागलं.” इतकी नेमकी व्याख्या मला गाइडनेही दिलेली नाही.

१९२८ साली फ्लेमिंगच्या प्लेटवर अशीच आगंतुक बुरशी पडली, त्यातून पेनिसिलिन निघालं आणि १९५४ साली ते बनवायला आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. हे गाइडला ऐकवून पाहिलं. प्रयोग पुन्हा करावाच लागला.

धागाकर्ती

विरजण! पाटीवर हेच जाणार. मावशींना आजच सांगते.

सदाशिव पेठेतल्या बाई

पाचवीतल्या एकाने निबंधात लिहिलं, ‘माय ग्रँडमदर स्पॉइल्स मी.’ मी शेरा दिला, ‘छान!’ पालकसभेला आई-बाबांऐवजी आजीच हजर. वही माझ्यापुढे आपटून म्हणाल्या, “मी पोराला बिघडवते आणि तुम्हाला ते छान वाटतं?” लाडावणं, लाडावणं असं पाच मिनिटं समजावलं. शेवटी म्हणाल्या, “लाडावते, ते खरंय. पण वहीत कशाला लिहायचं?”

शिवाजीनगर कोर्ट

दूधवाल्या अशिलाचा रात्री अकराला फोन, आवाज रडवेला. “साहेब, मुलगा म्हणतो माझ्यावर ॲडल्टरीची केस आहे. बायको समोर बसलीय.” दुधात पाणी सापडलं होतं, बाकी काही नाही. जुन्या दंडसंहितेत भेसळीचं ‘ॲडल्टरेशन’ म्हणजे कलम २७२ आणि व्यभिचाराची ‘ॲडल्टरी’ म्हणजे कलम ४९७, जे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केलं. दोन्ही शब्द एकाच लॅटिन घराण्यातले, त्यामुळे पोरगा अगदीच चुकला नव्हता. पण हे वहिनींना फोनवर कसं सांगणार?

जाता जाता: त्याच १८६० च्या संहितेत, कलम २७७ मध्ये, सार्वजनिक झऱ्याचं किंवा जलाशयाचं पाणी घाण करण्याला ‘करप्ट्स ऑर फाऊल्स’ म्हटलंय. पाणीसुद्धा भ्रष्ट होतं! शिक्षा होती तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. संगम पुलावर नाकाला रुमाल लावला की मला हे ५०० रुपये आठवतात.

तांबट आळी

परदेशातून मेल आला, ‘पॉट्स अराइव्ड टार्निश्ड.’ वडील हबकले, त्यांना वाटलं माल फुटला. तांबं काळवंडलं होतं, एवढंच. चिंच लावा म्हणून कळवलं. चिंचेला इंग्रजीत काय म्हणतात, यावर घरात पुन्हा अर्धा तास.

हौदाकाठी

मी हौसेने पाहुण्यांना जुनं पुणे दाखवतो. फुले वाड्यात सांगत होतो की जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एका परदेशी बाईंनी विचारलं, बाकीच्यांना वाटायचं का पाणी ‘कंटॅमिनेटेड’ होईल? मी नाही म्हणालो. मग ‘डर्टी’? नाही. मग ‘पोल्यूटेड’? पुस्तकांत हाच शब्द असतो, पण तोंडातून निघेना. माझ्या पणजीला लोटा वर धरून लांबून पाणी घालायचे. ‘विटाळ’ हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, त्याचं इंग्रजी मी कशाला शोधू?

म्हटलं, “द वॉटर वॉज क्लीन. बिफोर अँड आफ्टर.”

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि हातातली पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली. ऊन फार होतं. मी प्यालो.