लैंगिक अडचणींबद्दल थेरपिस्टनं स्वतःहून विचारावं का?

पाणवठा

मी पुण्यात समुपदेशक म्हणून काम करते. झोप लागत नाही, चिडचिड होते, सासरी पटत नाही, कामात लक्ष लागत नाही, असं सांगत लोक येतात. लैंगिक आयुष्याचा विषय क्वचितच कुणी आपणहून काढतं, आणि काढलाच तर वेळ संपताना, उठता उठता. आमच्या व्यवसायात यावर ठरलेलं उत्तर असं की क्लायंटची तयारी झाली की तो बोलेल, तोवर थांबावं. मला हे पटत नाही.

झोप, भूक, दारू-तंबाखू यांची चौकशी आपण सुरुवातीलाच करतो. त्याच ओघात, त्याच आवाजात हाही प्रश्न यायला हवा. आपण विचारलं नाही की समोरचा धरून चालतो, इथे हा विषय चालत नाही.

नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांनी लैंगिक इच्छा कमी होऊ शकते, पुरुषांना स्खलनाला फार वेळ लागतो, बायकांना तृप्तीपर्यंत पोचता येत नाही. पेशंट हे डॉक्टरांना सांगत नाही, गुपचूप गोळी बंद करतो. मग जुना त्रास परत येतो आणि आपण ऑफिसातला ताण वाढला का ते शोधत बसतो. जोडप्यांच्या बाबतीत तर पैसा, सासू, मोबाइल यांवर सेशनमागून सेशन जातात, आणि लग्नाला वर्षं उलटूनही शरीरसंबंध झालेलाच नाही ही गोष्ट बाहेरच येत नाही, कारण कुणी विचारलेलंच नसतं.

जॅक अॅनन या मानसशास्त्रज्ञानं सत्तरच्या दशकात यासाठी 'प्लिसिट' नावाची चौकट मांडली. तिच्या चार पायऱ्या आहेत: बोलायला परवानगी, मोजकी माहिती, नेमक्या सूचना आणि सखोल उपचार. शेवटची पायरी त्या विषयात शिकलेल्या तज्ज्ञाची. पण पहिल्या दोन कुठल्याही समुपदेशकाला यायलाच हव्यात.

मी विचारते ते असं: "ताणाच्या काळात अनेकांना जवळिकीत, लैंगिक आयुष्यात फरक जाणवतो. त्याबद्दल काही बोलावंसं वाटतं का? आज नको असेल तर नंतर कधीही चालेल." समोरून 'नको' आलं की विषय तिथेच थांबतो.

ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर लिहा.

कृष्णाकाठ

ताई, माझं मत वेगळं आहे. मी पुरुष आहे, सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावात समुपदेशन करतो. परीक्षेच्या भीतीनं खचलेली बावीस-तेवीस वर्षांची मुलगी येते. भाऊ बाहेर बाकावर बसलेला असतो. दार लोटलेलं असतं. अशा वेळी दुसऱ्या भेटीत मी 'लैंगिक आयुष्य' हा शब्द उच्चारला तर ती तिसऱ्यांदा येणार नाही. तिची परीक्षेची भीती तशीच राहील, आणि समुपदेशकाकडे जाऊ नये हे ती आणखी चार मैत्रिणींना सांगेल. यात तिची काही चूक नाही. बंद खोलीतल्या अनोळखी पुरुषाकडून ती या प्रश्नाचा जो अर्थ लावेल, तो तिच्या आजवरच्या अनुभवातून आलेला असणार.

दुसरा मुद्दा आपल्याच व्यवसायाचा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेची नोंदणी लागते. नुसती 'काउन्सेलर' अशी पाटी लावायला मात्र प्रत्यक्षात कुणी अडवत नाही. काही आठवड्यांचा कोर्स करून बसलेल्या माणसाला तुम्ही सांगताय की प्रत्येकाला लैंगिक आयुष्याबद्दल विचार. तुम्ही नीट विचाराल. तो कसा विचारेल?

बाभूळबन

कृष्णाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. मुलीला पाठवायच्या आधी आईवडिलांना हे कळलं तर ते पाठवणारच नाहीत.

रातराणी

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, क्लायंट म्हणून.

लग्नानंतर आमचा संबंध होऊच शकत नव्हता. प्रयत्न केला की माझं अंग आखडायचं, आग व्हायची, मी रडायचे. नवऱ्याला वाटायचं मला तो आवडत नाही. मी एका समुपदेशक बाईंकडे जात होते, घबराट होते म्हणून. त्या प्रेमळ होत्या. माझं बालपण, माझी आई, माझी नोकरी, सगळं विचारलं. हे एक विचारलं नाही. मी दर वेळी ठरवून जायचे की आज सांगायचं, आणि तसंच घरी यायचे. एकदा धीर करून "आमचं तसं काही होत नाही" एवढं बोलले, तर त्या म्हणाल्या, "होईल, वेळ द्या एकमेकांना." पुढे दुसरं काहीतरी विचारायला लागल्या.

शेवटी एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी तपासणीच्या आधी सरळ विचारलं, "संबंध होतो का? दुखतं का?" दोन प्रश्न. मला रडूच आलं. त्यांनी सांगितलं की तिथले स्नायू आपोआप आवळले जातात, हे अनेकींना होतं, यावर उपचार आहेत. ओटीपोटाच्या स्नायूंसाठी फिजिओथेरपी सुरू झाली. एक दुसरी थेरपिस्ट मिळाली. तिनं आम्हा दोघांना बसवून आधी सांगितलं की काही काळ संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही, फक्त स्पर्श, तोही ठरवून, घाई नाही. ही पद्धत मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीनं १९७० मध्ये जगापुढे आणली, हे मला नंतर वाचून कळलं. आज आम्ही ठीक आहोत. पण ती मधली वर्षं मी स्वतःला अर्धवट बाई समजत होते, आणि दर आठवड्याला एका शिकलेल्या माणसासमोर बसत होते.

कृष्णाकाठ दादा, तुमची ती परीक्षेवाली मुलगी खरी आहे. मीसुद्धा खरी आहे.

सावरगाव

मला उलटा अनुभव आहे, म्हणून लिहितो. मी ब्रेकअपनंतर ऑनलाइन थेरपी घेत होतो. थेरपिस्टनं हा विषय काढला, मला तेव्हा बरंच वाटलं. पण मग प्रश्न थांबेनात. किती वेळा, काय बघतोस, काय मनात येतं. माझ्या दुखण्याशी त्याचा काय संबंध ते एकदाही सांगितलं नाही. मी सोडून दिलं आणि परत कुणाकडे गेलो नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर उपचाराला लागणार नाही तो प्रश्न विचारायचा अधिकार थेरपिस्टला नाही, असं माझं ठाम मत आहे.

औषधखिडकी

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. ओपीडीत दर पेशंटमागे मोजकी मिनिटं मिळतात, त्यामुळे गोळ्यांच्या दुष्परिणामांबद्दल आमच्याकडून विचारायचं राहून जातं हे खरं आहे आणि ते गंभीर आहे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. बुप्रोपिऑनसारख्या औषधांनी हा त्रास तुलनेनं कमी होतो. पण पेशंट सांगेल तेव्हा. थेरपिस्टकडे तासभर असतो. त्यानं विचारून "हे डॉक्टरांना सांगा, गोळी आपल्या मनानं बंद करू नका" एवढं म्हटलं तरी खूप झालं.

मात्र थेरपिस्टांनी एक पक्कं लक्षात ठेवावं. ताठरतेची तक्रार घेऊन पुरुष आला की लगेच 'परफॉर्मन्सची चिंता' म्हणून सेशन सुरू करू नका. साखर तपासली का, रक्तदाब किती, सिगारेट ओढतो का, हे आधी. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधी कधी तिथे आधी दिसतो आणि छातीत दुखणं नंतर येतं. पहाटे ताठरता येते, जोडीदाराबरोबर येत नाही, असं असेल तर मनाकडे बघायला आधार आहे. तरी तपासणी हवीच.

आणि 'धात जाते' म्हणून येणारी मुलं. वीर्य गेलं की ताकद गेली या भीतीनं थकवा, पाठदुखी, उदासी. मनोविकारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये याला धात सिंड्रोम असं नाव दिलं, आणि आजही ही मुलं येतात. रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती वाचून आधी भलतीकडे जातात, पैसे घालवतात, मग आमच्याकडे. असल्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, भिंती मात्र रंगलेल्याच आहेत. या मुलाला हसायचं नाही आणि लगेच खोडूनही काढायचं नाही. आधी ऐकून घ्यायचं, मग शरीर कसं चालतं ते सांगायचं, सोबत उदासी आहे का ते बघायचं. प्लिसिटमध्ये मोजकी माहिती म्हणतात ती हीच.

कृष्णाकाठ

रातराणी ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं. त्या बाईंनी तुमचं एक वाक्य हातातून सोडलं, ही चूकच. पण बघा, वाक्य तुम्ही उच्चारलं होतं. उच्चारलेलं ऐकायला शिकवा, यावर माझं काहीच म्हणणं नाही. मी न उच्चारलेलं खोदण्याबद्दल बोलतोय.

आणि एक अडचण कुणीच काढली नाही. माझ्याकडे अकरावी-बारावीची मुलं येतात. सतरा वर्षांच्या मुलीला मी विचारलं आणि तिनं विश्वासानं सांगितलं की मित्राबरोबर संबंध आला, तर मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतली संमती ही संमतीच धरली जात नाही. कलम १९ खाली मला पोलिसांना कळवावं लागतं, न कळवणं हा गुन्हा. म्हणजे मी प्रश्न विचारून तिच्याकडून असं काही काढून घेतलं जे मला झाकता येणार नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा गोपनीयतेचा हक्क देतो, पण या ठिकाणी तो तिला वाचवत नाही. तिच्या घरी पुढे काय होईल ते मी इथे लिहायला नको.

पाणवठा

हा मुद्दा अगदी खरा आहे आणि त्यावर माझ्याकडे पळवाट नाही. अठराखालच्या कुणालाही मी पहिल्या भेटीत, कुठलाही प्रश्न विचारायच्या आधी सांगते की कोणत्या गोष्टी माझ्याजवळ राहतील आणि कोणत्या कायद्यानं कळवाव्या लागतील. मग काय सांगायचं ते त्यांनी ठरवायचं. मात्र हेही बघा: न विचारल्यानं काका किंवा क्लासचा मास्तर त्रास देतोय तेही बाहेर येत नाही. तिथे कळवणं हाच तिचा बचाव असतो.

सावरगाव, तुमचं वाक्य मी आमच्या सुपरव्हिजन ग्रुपमध्ये, जिथे आम्ही समुपदेशक एकमेकांचं काम तपासतो, वाचून दाखवणार आहे. का विचारतोय ते आधी सांगायला हवं, ते न सांगता पुढचा प्रश्न नाही.

तिसरा मजला

मी गे आहे. माझ्या पहिल्या समुपदेशकानं विचारलं होतं, अगदी मोकळेपणानं: "गर्लफ्रेंड आहे का? तिच्याबरोबर काही अडचण?" मी 'नाही' म्हटलं आणि पुढे वर्षभर खोटं बोलत राहिलो. दुसऱ्यानं विचारलं, मी खरं सांगितलं, तर म्हणाला, "लग्न केलंस की बदलेल."

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला मोकळं केलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, असे 'बदलण्याचे' उपचार हा गैरव्यवहार ठरवला. पण तो नियम डॉक्टरांना. पाटी लावून बसलेल्या समुपदेशकाला कोण धरणार? त्यामुळे विचारावं की नाही याआधी, उत्तर ऐकायची तयारी आहे का हे त्यानं स्वतःला विचारावं. 'जोडीदार' म्हणा. बाकी आम्ही सांगू.

जुना वाचक

समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. लोक त्यांना लैंगिक शंका पत्रानं विचारत आणि ते छापून उत्तर देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला, बचावाला डॉ. आंबेडकर उभे राहिले आणि तो खटला हरले. मला यात दोन्ही पक्षांसाठी काहीतरी दिसतं. कर्व्यांनी कुणाच्या घरी जाऊन विचारलं नाही. पण इथे उत्तर मिळेल हे त्यांनी उघड जाहीर केलं होतं, म्हणून पत्रं आली.

कृष्णाकाठ

हे मला मान्य होण्यासारखं आहे. सज्ञान क्लायंटसाठी पहिल्या भेटीच्या फॉर्मवर एक ओळ घालतो: 'लैंगिक आरोग्य किंवा जवळिकीबद्दल इथे बोलता येतं.' झोप, भूक, व्यसन यांच्याच यादीत. ज्याला खूण करायची तो करेल. तोंडानं मात्र मी पहिल्या भेटींत विचारणार नाही, यावर ठाम आहे.

पाणवठा

ओळ जरूर घाला, पण तुमच्याच गावातलं एक सांगा. बाई आत यायच्या आधी तो फॉर्म भरतं कोण? बऱ्याचदा नवरा किंवा भाऊ. मग ती ओळ तो वाचेल, खूण करायची की नाही तेही तोच ठरवेल. रातराणींनी नवऱ्याच्या हातच्या फॉर्मवर खूण केली असती का? फॉर्म आत, तिच्या हातात द्या. तिला वाचता येत नसेल तर तुम्ही वाचून दाखवा, सगळी यादी, ही ओळ न गाळता.