‘पिगमेंटेड परप्युरा’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : बायॉप्सीच्या अहवालात ‘पिगमेंटेड परप्युरिक डर्मॅटोसिस’ असे निदान आले आहे. रुग्णासाठी मराठी माहितीपत्रक लिहीत आहे. ‘रंगद्रव्ययुक्त पुरळ’ चालेल का?

प्रतिसाद १ : दोन्ही शब्द वाट चुकवतील. साध्या लालीत रक्त वाहिन्यांच्या आतच असते, म्हणून काच दाबली की ती फिकी पडते. परप्युरात लाल पेशी केशवाहिन्यांबाहेर पडलेल्या असतात, त्यामुळे दाबूनही डाग तसाच राहतो. निदानाचा पायाच हा आहे आणि ‘पुरळ’ म्हटले की तो निसटतो. ‘रंगद्रव्य’ वाचून लोकांना मेलॅनिन, म्हणजे त्वचेला वर्ण देणारे द्रव्य, आठवते. इथला तपकिरी-सोनेरी रंग हिमोसिडेरिनचा, म्हणजे फुटलेल्या लाल पेशींतून मागे उरलेल्या लोहाचा. मी ‘त्वचेखालील रक्तठिपके व लोहाचे डाग’ असे लिहीन. लांब आहे, पण खरे आहे.

प्रतिसाद २ : ‘त्वचेखालील’ नको, ‘त्वचेतील’ हवे. रक्त अंतस्त्वचेच्या (त्वचेच्या आतल्या थराच्या) वरच्या भागातच असते. परप्युरासाठी ‘नीलारुणी’ हा पारिभाषिक शब्द आहे, तोही विचारात घ्या.

प्रश्नकर्ता : ‘नीलारुणी’ छान आहे, पण रुग्णाच्या पायावर निळे काही नाही. विटकरी चट्टे आहेत, कडेला लाल तिखट भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके.

प्रतिसाद १ : हे तर या आजाराच्या शॅम्बर्ग प्रकाराचे ठरलेले वर्णन. शॅम्बर्गने तो १९०१ साली नोंदवला. त्याआधी १८९६ मध्ये मायोकीने कडीसारखे गोल चट्टे वर्णिले होते (इटालियन नाव आहे, ‘माजोची’ लिहू नका). लायकेन ऑरियस या आणखी एका प्रकारात बहुधा एकच सोनेरी चट्टा असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा दाट पट्टा दिसतो.

प्रतिसाद ३ : अहवालात ‘कॅपिलरायटिस’ असेल तर त्याचे ‘रक्तवाहिनीदाह’ करू नका, अशी कळकळीची विनंती. तो शब्द आपण व्हॅस्क्युलायटिससाठी वापरतो. त्यात वाहिनीची भिंत नासते, तिच्यात फायब्रिन (रक्त गोठवणारे प्रथिन) साचते, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांचा चुरा पडतो, आणि कधी मूत्रपिंडालाही इजा होते. इथे केशवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशी जमतात, वाहिनीच्या अस्तराच्या पेशी फुगतात, लाल पेशी बाहेर येतात. भिंत मात्र शाबूत असते. ‘केशवाहिनीदाह’ म्हणा. त्या एका ‘केश’ने रुग्णाची बरीच भीती वाचेल.

प्रश्नकर्ता : अहवालात ‘पर्ल्स पॉझिटिव्ह’ही आहे.

प्रतिसाद ३ : पर्ल्सच्या रंजनाने लोह निळे दिसते. ‘लोहासाठीची चाचणी होकारार्थी’ एवढे पुरे. नुसते ‘लोह आढळले’ लिहिलेत तर वाचणारा आहारातले लोह कमी करायला निघेल. हे लोह त्या जागी सांडलेल्या रक्ताचे आहे, असे सोबत लिहा. शिरांमध्ये रक्त तुंबूनही पायावर लोह साचते, पण ते बहुधा त्वचेत अधिक खोलवर असते.

प्रतिसाद २ : ‘डर्मॅटोसिस’ला ‘त्वचाविकार’ पुरेसा. ‘सौम्य’ लिहिणार असाल तर जपून. बहुतेकांचा आजार निरुपद्रवी असतो, पण रेंगाळतो, पुन्हा उमटतो. क्वचित मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेचा लिम्फोमा (लिम्फोसाइट पेशींचा कर्करोग) असाच दिसतो. चट्टे पसरत राहिले तर पुन्हा बायॉप्सी करावी लागते. ‘सहसा निरुपद्रवी, पण रेंगाळणारा’ असे लिहा.

प्रश्नकर्ता : मग शीर्षक ‘केशवाहिनीदाहामुळे त्वचेत उमटणारे रक्तठिपके व लोहाचे डाग’ असे ठेवते आणि इंग्रजी नाव देवनागरीत खाली देते, म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांनाही कळेल.