डबल मार्करमध्ये ‘हाय रिस्क १:१८०’ आले आहे, पुढे काय करावे?

अबोली_सातारा

नमस्कार. माझे वय ३३ असून ही पहिलीच खेप आहे. गेल्या आठवड्यात एनटी स्कॅन झाला. बाळाच्या मानेमागची जाडी १.४ मिमी, म्हणजे ठीक असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. परंतु त्याच दिवशी दिलेल्या रक्ताचा डबल मार्कर रिपोर्ट (बाळात दोष असण्याची शक्यता सांगणारी चाचणी) काल हाती आला आणि त्यात डाऊन सिंड्रोमसमोर (एका जादा गुणसूत्रामुळे होणारा जन्मजात दोष) लाल अक्षरांत ‘१:१८०, हाय रिस्क’ असे छापलेले आहे. डॉक्टर चार दिवस बाहेरगावी आहेत. दिवस गेल्याचे कळेपर्यंत मी फोलिक अ‍ॅसिडची गोळी घेत नव्हते आणि सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा होत असे. सासूबाईंच्या मते हे त्याचेच फळ आहे. खरोखर तसे असेल का? आणि पोटातले पाणी काढून लगेच तपासावे लागेल का?

पारिजातक

माझ्या दुसऱ्या खेपेला १:२१० आले होते, म्हणून लिहिते. असाच आकडा आलेल्या १८० गरोदर स्त्रियांपैकी साधारण एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असतो आणि १७९ जणींच्या बाळांना तो नसतो, एवढाच या रिपोर्टचा अर्थ. बऱ्याच लॅब १:२५० ही रेषा धरतात आणि त्याहून जास्त शक्यता दाखवणारा प्रत्येक आकडा लाल छापतात; तो लाल रंग पाहूनच आपल्या पोटात गोळा येतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने मी एनआयपीटी केली. त्यात वारेतून आईच्या रक्तात आलेला डीएनए तपासतात. ती डबल मार्करपेक्षा पुष्कळ अचूक असली तरी चाळणीच आहे, म्हणजे शक्यता सांगते, पक्के निदान नव्हे; आणि स्वस्तही नाही. तिच्यातही शंका आली तर पक्के निदान पोटातल्या पाण्याच्या तपासणीने होते आणि ती १५ आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. म्हणजे आज घाई करून काही साधणार नाही.

सूक्ष्मदर्शक

मी लॅबमध्ये काम करतो. रिपोर्टवर आठवडे कशावरून मोजले आहेत, ते आधी पाहावे. या चाचणीत आईच्या रक्तातले दोन घटक मोजतात. त्यांपैकी पॅप-ए या दिवसांत आठवड्यागणिक वाढत जाते आणि बीटा एचसीजी उतरत जाते. अर्ज भरताना शेवटच्या पाळीची तारीख धरली आणि गर्भ प्रत्यक्षात आठवडाभर लहान असला, तर पहिला घटक उगाच कमी आणि दुसरा उगाच जास्त दिसतो, आणि डाऊन सिंड्रोममध्ये नेमके असेच चित्र दिसते. ज्यांची पाळी उशिरा येते त्यांच्या बाबतीत हे विशेष तपासावे. सोनोग्राफीत मोजलेली बाळाची लांबी, एनटी, वजन व वय हे सारे बरोबर भरले आहे ना, याची खात्री करून घ्यावी. चूक असल्यास त्याच रक्ताच्या आकड्यांवरून गणित पुन्हा करता येते. मात्र पॅप-ए खरोखरच कमी असेल, तर रक्तदाब आणि बाळाची वाढ यांवर जास्त लक्ष ठेवतात. तेव्हा डॉक्टर आल्यावर त्याबद्दल अवश्य विचारावे.

माई

सासूबाईंना सांगावे की डाऊन सिंड्रोममधले जादा गुणसूत्र बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होतानाच आलेले असते. चहाने ते येत नाही आणि सोडल्याने जात नाही. फोलिक अ‍ॅसिडचे काम वेगळे आहे. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते, तिच्यातील दोष टाळण्यासाठी ती गोळी दिवस जाण्याआधीपासून हवी असते. एनटीच्या सोनोग्राफीत डोके आणि पाठही पाहतात, पुढे पाचव्या महिन्यात नीट पाहतील. गोळी मात्र आता रोज घ्यावी. दुसऱ्या तिमाहीत लोहाची गोळी सुरू झाली की तिच्या आगेमागे तासभर चहा नको, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. ‘दोन जिवांचे खा’ हा आग्रह पहिल्या तीन महिन्यांत फारसा मनावर घेऊ नये. खरी काळजी करायची ती मिश्रीची. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत ती लावतात आणि तंबाखू म्हणून कोणी मोजत नाही.

अबोली_सातारा

सर्वांचे आभार. मिश्री कोणी लावत नाही. सूक्ष्मदर्शक यांचे वाचून दोन्ही कागद शेजारी ठेवले: रिपोर्टवर १२ आठवडे ५ दिवस, सोनोग्राफीत ११ आठवडे ६ दिवस. माझी पाळी पस्तीस दिवसांनी येते. उद्या सकाळी दोन्ही कागद घेऊन लॅबमध्ये जाते आणि गणित पुन्हा करायला सांगते.