फार्मसी टेक्निशियनचं काम: मोजताना चूक झाली, तेव्हापासून झोप नाही

प्रश्न:
दोन वर्षं झाली टेक्निशियन म्हणून काम करतेय. ९-९ तास उभंच, संध्याकाळी पोटऱ्या दगड होतात, ते एक वेळ सहन होतं. पण गोळ्या मोजताना फोन वाजतो, तेवढ्यात काउंटरवरून कुणीतरी विचारतं अजून किती वेळ, आणि मागच्या आठवड्यात मी मेटफॉर्मिनच्या जागी मेट्रोनिडाझोल काढून ठेवलं. फार्मासिस्टनी चेकिंगला पकडलं म्हणून पेशंटपर्यंत गेलं नाही. सगळे म्हणतात लक्ष देऊन काम कर. अहो देतेच आहे ना लक्ष! चूक माझीच की कामच असं आहे?

उत्तर १:
ताई, ही जोडी गोंधळाची म्हणूनच ओळखली जाते. एक शुगरचं, एक इन्फेक्शनचं, आणि एबीसीडीप्रमाणे लावलं की जवळजवळच येतात. बीपीचं हायड्रॅलाझिन आणि खाज-ॲलर्जीचं हायड्रॉक्सिझिन, त्यांचंही तेच. आम्ही अशा जोड्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या, आणि मोजताना कुणी मध्ये बोललं तर परत पहिल्यापासून मोजायचं, कितीही घाई असो.

उत्तर २:
पायांसाठी उभं राहायच्या जागी जाड रबरी मॅट मागून घ्या आणि एक पाय आलटून पालटून छोट्या स्टुलावर ठेवा, मला कंबरेला खूप फरक पडला. अजून एक, याकडे कुणी लक्षच देत नाही, मेथोट्रेक्सेटसारख्या (कॅन्सरमध्येही देतात ते) गोळ्यांना ग्लोव्हज घाला, ट्रे वेगळा ठेवा, त्यांची पूड बाकीच्या औषधात जायला नको. प्रेग्नंट असाल तर हात लावूच नका, सरळ सांगा. आणि संधिवातासाठी तेच औषध आठवड्यातून एकदाच असतं, लेबलवर चुकून 'रोज' पडलं तर जीवावर बेतू शकतं, तेव्हा शंका आली की फार्मासिस्टला विचाराच.

उत्तर ३:
मॅट, कप्पे सगळं बरोबर, पण माणसंच कमी असतील तर काय करणार? मी तीन आठवडे होता होता टळलेली प्रत्येक चूक वहीत लिहिली, वेळ आणि तेव्हा आत किती जण होते तेवढंच, नाव कुणाचंच नाही. बहुतेक चुका जेवणाच्या सुट्टीत, आत एकटाच माणूस असताना. मॅनेजरला वही दाखवली तेव्हा त्या तासाला दुसरा माणूस मिळाला, नुसतं तोंडी सांगून वर्षभर काही हललं नव्हतं.

प्रश्नकर्ती:
माझीही चूक जेवणाच्या वेळेतलीच, आत मी एकटीच होते. उद्यापासून वही सुरू करते.